खुलासा : मनाची औषधं घेणं म्हणजे अविश्वास नव्हे

यवतमाळकडच्या गावांत एक मेसेज फिरतोय : ‘चिंता करू नका असं प्रभू येशूने सांगितलंय, म्हणून मनाच्या गोळ्या खाणाऱ्याचा विश्वास खोटा.’ हे साफ चूक आहे, आणि जिवावर बेतणारं आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातले (अध्याय ६) हे शब्द अन्नवस्त्राच्या काळजीने खचलेल्यांना धीर देतात, दोष देत नाहीत. येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै शहरातल्या विश्वासणाऱ्यांना तेच लिहिलं ते बंदिवासातून. चिंता सोडा म्हणताना प्रार्थनेत देवाला सगळं सांगा, असंही लिहिलं. त्याच पौलाच्या सोबतीला लूक होता, वैद्य (कलस्सै ४:१४). कपाशी बुडाली, कर्ज थकलं, तर देवापुढे मोकळेपणी रडा, मंडळीतल्या माणसांशी बोला. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.