‘बटण दाबलं आणि पार्किन्सन गेला’: डीबीएसबद्दलच्या मेसेजला उत्तर

फिरणाऱ्या मेसेजमध्ये दिसतो थरथरणारा हात, बटण दाबताच स्थिर होणारा तोच हात, आणि खाली मजकूर: ‘मेंदूत तार बसवा, पार्किन्सन बरा. गोळ्या कायमच्या बंद. समाधान नसेल तर ऑपरेशन फसलं समजा.’ हे डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन: मेंदूत खोलवर बारीक तार बसवून तिला बॅटरीतून सतत हलकी वीज देणं. हात खरंच असा थांबतो. खालचा मजकूर मात्र चुकीचा आहे आणि तो वाचून ऑपरेशनला गेलेली माणसं पुढे हताश होतात.

‘पार्किन्सन बरा.’ हालचालींसाठी लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशींचा ऱ्हास डीबीएसने थांबत नाही. ढोबळ नियम असा की लेवोडोपाने (पार्किन्सनच्या मुख्य गोळीने) जे सुधारतं तेच डीबीएसने सुधारतं. अपवाद फक्त कंपाचा: तो गोळीला दाद देत नसला तरी विजेला देऊ शकतो. म्हणूनच आधी साधारण 12 तास गोळ्या थांबवून हालचालींचे गुण मोजतात, मग गोळी देऊन पुन्हा मोजतात. निदान 30 टक्के फरक अपेक्षित असतो. गोळीचा पूर्ण असर असतानाही पाय जमिनीला चिकटत असतील, तोल जात असेल किंवा विसर पडत असेल, तर ते सहसा तसंच राहतं. बोलणं कधी कधी आणखी अस्पष्ट होतं. घरच्यांना नेमकं हेच जास्त खुपत असतं. त्यामुळे सर्वांत छळणाऱ्या तीन तक्रारी आधीच कागदावर लिहाव्यात आणि प्रत्येकीचं काय होईल ते डॉक्टरांकडून वदवून घ्यावं.

‘गोळ्या बंद.’ तार मेंदूतल्या दोनपैकी एका जागी बसवतात. ती सबथॅलॅमिक न्यूक्लिअसमध्ये असेल तर डोस बऱ्याचदा तिसरा हिस्सा ते निम्मा कमी होतो. ग्लोबस पॅलिडसमध्ये असेल तर फारसा होत नाही. घाईने कमी केला की हात शांत होतो, पण माणूसही गप्प होतो. कशातच रस उरत नाही. अशा वेळी औषध थोडं वाढवल्यावर अनेकदा फरक पडतो.

‘समाधान नाही म्हणजे फसलं.’ तार आत शिरताना आलेल्या सुजेनेच सुरुवातीला बरं वाटतं. सूज ओसरली की लक्षणं परततात आणि घरात घबराट होते. खरं काम त्यानंतर सुरू होतं. बऱ्याच वापरल्या जाणाऱ्या एका तारेवर 1.5 मिलिमीटरचे चार संपर्क (वीज सोडणारे बिंदू) असतात, मधलं अंतर अवघं अर्धा मिलिमीटर. डॉक्टर एकेक संपर्क घेऊन प्रवाह हळूहळू वाढवतात आणि दर पायरीला मनगट फिरवून ताठरपणा बघतात. ओठ ओढला गेला, जीभ अडखळली की तो आकडा टिपून घेतात. ताठरपणा लगेच कळतो, पण चालण्यातला फरक दिसायला तास, कधी दिवस लागतात. बसवलेलं सेटिंग स्थिरावायला तीन ते सहा महिने सहज जातात. चारही संपर्कांवर अगदी कमी प्रवाहातच त्रास होत असेल, तर मात्र स्कॅन करून तारेची जागा तपासायलाच हवी; दोन-तीन मिलिमीटर सरकलेली तारही परिणाम बिघडवायला पुरेशी असते.

डीबीएसवर अविश्वास दाखवण्याचं कारण नाही. जर्मनी आणि फ्रान्समधल्या 251 तुलनेने तरुण रुग्णांच्या 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांनी जीवनमानाचा गुणांक डीबीएसच्या गटात सरासरी 26 टक्के सुधारला, फक्त औषधांवरच्या गटात जवळपास जागेवरच राहिला. पण ती माणसं पारखून निवडलेली होती.

आणि वर्षानुवर्षं छान चाललेलं असताना अचानक सगळं अंग आखडलं, तर आजार वाढला असं समजून थांबू नका. रिचार्ज न होणारी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत संपते. त्याच दिवशी तपासून घ्या.