प्लेलिस्ट गायब? आधी राउटर उपटा

शेगडीवर दूध आटतंय, पाहुणे सतरंजीवर बसलेत, आणि ज्या प्लेलिस्टच्या नावानं त्यांना गच्चीवर बोलावलं तीच यूट्यूबवर दिसत नाहीये. अशा वेळी कृपा करून शांत राहू नका. शांत राहिलात तर लोकांना वाटेल, त्यात तसं विशेष काही नव्हतंच. मोठ्यानं म्हणा, "काल तर होती!" काल खरंच उघडली होती का, असं कोणी विचारत नाही.

आमच्या काकांनी गेल्या कोजागिरीला हेच केलं, म्हणून एवढ्या अधिकारानं सांगतोय. लोकमान्य नगरातली गच्ची, केशराचं दूध, वर चंद्र आणि उस्ताद अमीरखाँ साहेबांनी गायलेला दरबारी राग, असा बेत होता. इंदूरच्या मराठी घरांत खाँसाहेब घरचेच. ज्यानं त्यांचा एक सूरही ऐकलेला नाही तोसुद्धा "आमचे खाँसाहेब" म्हणतो. काकांनी मात्र ऐकलंय. खाँसाहेब, देवासचे कुमारजी (कुमार गंधर्व) आणि कुठकुठल्या खाजगी बैठका मिळून 214 रेकॉर्डिंगांची यादी त्यांनी वर्षानुवर्षं खपून केलेली. त्या रात्री फोन उघडला तर यादीचा पत्ता नाही आणि पडद्यावर भुट्ट्याच्या किसाचा एक व्हिडिओ. त्या किसाकडे कोणी लक्ष दिलं नाही. तुम्हीही देऊ नका.

सगळ्यात आधी राउटर उपटा. यादी राउटरमध्ये नसते, हे मला माहीत आहे. पण घाबरलेल्या घरात ओढून काढता येईल अशी तीच एक वस्तू असते. परत लावल्यावर दिवे हिरवे व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात खाँसाहेबांच्या अतिविलंबित झूमरा तालाची दोन आवर्तनं होतात. तोवर शेजारच्या भाऊंनी सुचवलं, "काय करून राहिलात काका, सर्चमध्ये त्यांचा मारवा येतोय की, तो लावा." संध्याकाळचा मारवा रात्री अकराला! काकांनी त्यांच्याकडे जे पाहिलं, त्यानंतर भाऊंना मसाला दूधही गोड लागलं नसणार.

यानंतर पुण्याच्या पुतण्याला फोन करा. प्रत्येक घराला असा एक पुतण्या असतो, आणि त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच पुडी असते. "काका, कॅशे क्लिअर करा." कॅशे म्हणजे फोननं आपल्या सोयीसाठी बाजूला काढून ठेवलेलं उरलंसुरलं. यादी असते कंपनीच्या सर्व्हरवर, आपल्या खात्याखाली. इथलं उरलंसुरलं पुसून तिथली यादी परत येत नाही, तशी जातही नाही. पण 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर घेणाऱ्या शहराचे आपण रहिवासी. पुसायला काही दिसलं की हात शिवशिवतात. कॅशेच्या शेजारीच सगळा डेटा पुसायचं बटण असतं, तेही दाबून टाका. गाडीत ऐकायला म्हणून उतरवून ठेवलेले व्हिडिओ त्यात गेले, की नुकसान निदान खरं होतं.

सकाळी पोहे-जलेबी झाली की फोन घेऊन जेल रोडला जा. तिथे मोबाइलवाला फोन हातात न घेताच सांगेल, "टेंशन मत लो अंकल, फॉर्मेट मार देते हैं." खात्यात राहणाऱ्या यादीसाठी फोन फॉर्मेट करणं म्हणजे लॉकरची किल्ली सापडत नाही म्हणून घराला रंग देणं. तरी हो म्हणा. रंग छान दिसतो.

एवढं सगळं करून झाल्याशिवाय आपण कुठल्या खात्यात आहोत, हे मात्र अजिबात बघू नका. ती फारच सोपी गोष्ट आहे आणि सोप्या गोष्टीत माणसाची किंमत राहत नाही. इंदूरकर कचऱ्याचे सहा भाग करतो: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा. चुकीच्या डब्यात केळीचं साल निघालं तर कचरागाडीपाशी गल्लीसमोर इज्जत जाते. याच माणसाचे ईमेल बघा. एक पासपोर्टसाठी काढलेला, एक नातीच्या ऑनलाइन शाळेसाठी, आणि एक फोन घेताना दुकानदारानं परस्पर काढून दिलेला, ज्याचा पासवर्ड आजही फक्त त्या दुकानदारालाच ठाऊक. त्यावर कडी म्हणजे एकाच ईमेलखाली यूट्यूबची दोन-तीन चॅनलंही असू शकतात, आणि यादी ईमेलच्या नावावर नसते, ज्या चॅनलवरून केली त्या चॅनलच्या नावावर असते. म्हणजे ईमेल तोच, पासवर्ड तोच, फोनही तोच, आणि तरी यादी नाही. 2023 मध्ये यूट्यूबनं ॲपमधला 'लायब्ररी' हा शब्द काढून तिथे 'यू' ठेवला. यादी शोधायला निघालेल्या माणसाला आधी 'तुम्ही' असं बोट दाखवायचं, यात मला तरी थोडा खट्याळपणा वाटतो.

काकांच्या बाबतीत छडा लावला तो एका कॉमेंटनं. आदल्याच आठवड्यात त्यांनी एका मैफलीखाली लिहिलं होतं, "तबला अंमळ पुढे आहे. विलंबितात संयम हवा." खाली कोणीतरी उत्तर दिलं होतं, "ताई, अगदी बरोबर. आणि तुमचा भुट्ट्याचा कीस फारच छान!" काकांनी चष्मा पुसून ते तीनदा वाचलं. कॉमेंटशेजारच्या गोल फोटोत काका नव्हते. कढई होती.

झालं होतं असं, की आदल्या श्रावणात नातीनं काकूच्या रेसिपीसाठी काकांच्याच ईमेलवर एक चॅनल काढलं, किसाचा पहिला आणि शेवटचा व्हिडिओ चढवला, आणि ॲप त्याच चॅनलवर ठेवून ती खेळायला गेली. तेव्हापासून वर्षभर काका कढईच्या नावानं गाणं ऐकत होते आणि कढईच्या नावानं तबलजींना सुनावत होते. ॲपमध्ये खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या फोटोवर बोट ठेवून खातं बदललं, आणि यादी समोर. दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत. पुतण्यानं याला "सिंक इश्यू" म्हटलं. म्हणू द्या.

आता कोणी म्हणेल, यादी सगळ्यांना आधीच पाठवून ठेवायची होती. पाठवली होती हो! कुटुंबाच्या ग्रुपवर, अभिमानानं. पण यादी प्रायव्हेट असल्यामुळे ती फक्त काकांनाच दिसायची. लिंक असलेल्याला उघडता यावी म्हणून अनलिस्टेड असा पर्याय असतो. तीस नातलगांनी तिच्यावर अंगठा दिला होता. एकानंही उघडली नव्हती, नाहीतर तेव्हाच कळलं असतं.

सापडली म्हणून फार हरखूनही जाऊ नका. 214 पैकी 37 व्हिडिओ आता नाहीतच. चढवणाऱ्यानं काढले किंवा खाजगी केले, की यूट्यूब ते यादीतून लपवतं. तीन ठिपक्यांतून ते दाखवायला सांगितलं तर नुसत्या राखाडी चौकटी येतात, कुठला राग होता ते लिहिलेलं नसतं. बॅकअप म्हणून गूगल टेकआउटमधून यादी उतरवली तर तिथेही नावं नाहीत, प्रत्येक व्हिडिओची अकरा अक्षरी खूण आणि तो यादीत घातल्याची वेळ तेवढी मिळते. आणि यादी तुमच्याच हातून पुसली गेली तर ती परत मिळत नाही. सहा डब्यांच्या शहरातल्या माणसाला हे फार लागतं: तिथे टाकलेलं उचलून घ्यायला एकही डबा नाही. काका आता रोज दुपारी वही घेऊन बसतात आणि मागच्या-पुढच्या व्हिडिओंवरून एकेका चौकटीत कोण होतं ते आठवतात. आतापर्यंत नऊ ओळखले.

आणखी एक घोळ उरलाय. वर्षभरात त्यांनी जे नवं साठवलं, ती 61 रेकॉर्डिंगं काकूच्या चॅनलवर आहेत. ती इकडे आणायची तर काकूची परवानगी लागते, असं काकूचं म्हणणं. तिनं अट घातलीये: आधी किसाचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघायचा आणि लाइक करायचा. स्वतःच्या खात्यातून.