नवजात मृत्यूंचा वाटा वाढला, म्हणजे मृत्यू वाढले असे नव्हे

नवजात मृत्यूंवरील माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. भारतात पाच वर्षांखालील मृत्यूंमध्ये नवजात बाळांचा वाटा वाढत असताना मी 'प्रगती' हा शब्द वापरला, हा आपला पहिला आक्षेप आहे. आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होत असल्यामुळे आशाताईंच्या गृहभेटींचे कौतुक कालबाह्य झाले आहे, हा दुसरा.

वाटा वाढला आहे, हे खरे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये हजार जिवंत जन्मांमागे पाच वर्षांखालील मृत्यू ७४.३ होते आणि त्यांपैकी ३९ पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले होते. २०१९-२१ मध्ये हेच आकडे ४१.९ आणि २४.९ झाले. नवजात मृत्यू छत्तीस टक्क्यांनी घटले. पण महिन्यानंतरचे मृत्यू ३५.३ वरून १७ वर, म्हणजे निम्म्याहून खाली आले. लसीकरण, जुलाबांवर जलसंजीवनी, न्यूमोनियावर प्रतिजैविके यांचा लाभ मुख्यतः थोड्या मोठ्या मुलांना मिळाला, म्हणून उरलेल्या मृत्यूंमध्ये नवजातांचा वाटा ५२.५ वरून ५९.४ टक्क्यांवर गेला. वाट्याकडे पाहून 'परिस्थिती बिघडली' असे म्हणता येणार नाही. घट मंद आहे, ही आपली अस्वस्थता मात्र माझीही आहे. २०३० पर्यंत नवजात मृत्युदर एक आकडी करण्याचे उद्दिष्ट देशाने २०१४ मध्ये ठरवले. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात केरळ ३.४ वर, महाराष्ट्र १६.५ वर आणि उत्तर प्रदेश ३५.७ वर होता.

दुसऱ्या आक्षेपाशी मी सहमत नाही. याच काळात दवाखान्यातील बाळंतपणे ३८.७ वरून ८८.६ टक्क्यांवर गेली. बाळंतपण दवाखान्यात होणे एवढेच पुरेसे असते, तर नवजात मृत्यू याहून कितीतरी अधिक घटले असते. बाळ जन्मताच रडले नाही, तर पहिल्या मिनिटात पिशवी आणि मास्कने श्वास देणारे प्रशिक्षित हात तिथे असावे लागतात. इमारत ते काम करत नाही. शिवाय आई एक-दोन दिवसांत घरी परतते आणि बाळाचे उरलेले जोखमीचे दिवस घरातच जातात.

त्या घरात आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. झोळीच्या काट्यावर बाळाचे वजन करते, काखेत थर्मामीटर लावते आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजते, कारण नवजात बाळाचा श्वास मध्येच थांबतो आणि अर्ध्या मिनिटाची दुप्पट फसवी ठरते. साठ किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे धोका. चीक काढून टाकला का, मध चाटवला का, हेही ती विचारते. हे काम साधे दिसते, म्हणून त्याला दुय्यम म्हणणे मला पटत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने एकोणचाळीस गावांत प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरीच नवजात सेवा दिली आणि तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. त्या वेळी तिथे बहुतेक बाळंतपणे घरीच होत असल्यामुळे तोच आकडा आजच्या जिल्ह्यांना सरसकट लावू नये, हे आपले म्हणणे रास्त आहे. तरीही मृत्यूची मोठी कारणे, म्हणजे अपुऱ्या दिवसांचा जन्म व कमी वजन, जन्मताना श्वास गुदमरणे आणि जंतुसंसर्ग, आजही तीच आहेत.

दवाखाना की गृहभेट, अशी निवड करण्याचे कारणच नाही. आपल्या जिल्ह्याची माहिती मागवणार असल्याचे आपण लिहिले आहे. तेव्हा केवळ दवाखान्यातील बाळंतपणांची टक्केवारी मागू नका. नवजात अतिदक्षता कक्षातून घरी सोडलेल्या कमी वजनाच्या बाळांपैकी किती जणांकडे पहिल्या आठवड्यात कोणी गेले, आणि त्यांतली किती बाळे महिन्याअखेर जिवंत होती, हेही विचारा.