दिव्याच्या लढतींचा तक्ता कुणी ‘लावला’ नव्हता

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मी मानांकनाचं, म्हणजे खेळाडूंच्या ताकदीनुसार लावलेल्या क्रमाचं, उगाच कौतुक केलं, ही निव्वळ बड्यांची सोय आहे, आणि 2025 मध्ये बातुमीच्या महिला बुद्धिबळ विश्वचषकात दिव्या देशमुखला चौथ्याच फेरीत दुसऱ्या मानांकित झू जिनेरपुढे आणि लगेच आपल्याच हरिकापुढे टाकणं हा योगायोग नव्हे, असं तुमचं म्हणणं.

योगायोग नव्हताच! पण कुणी डावही साधला नव्हता, कारण तिथे चिठ्ठ्या काढतच नाहीत. रेटिंगवरून, म्हणजे खेळाडूच्या ताकदीच्या गुणांवरून, क्रम लागला की 128 जागांचा तक्ता आपोआप भरतो. मानांकनाप्रमाणे निकाल लागत गेले, तर समोरासमोरच्या दोन मानांकनांची बेरीज त्या फेरीतल्या खेळाडूंपेक्षा एकाने जास्त येते. चौथ्या फेरीत 16 जणी, म्हणजे बेरीज 17. दिव्या पंधरावी, 17 मधून 15 गेले, उरले 2. ही गाठ स्पर्धा सुरू होण्याआधीच तक्त्यात दिसत होती. दिव्या सोळावी असती तर त्याच फेरीत अग्रमानांकित लेई टिंगजी वाट्याला आली असती.

खरी गंमत पुढे आहे. तक्ता जागांचा असतो, हरणारी आपली जागा सोबत घेऊन जात नाही. झूला हरवलं आणि दिव्या दोन नंबरच्या वाटेला लागली. त्या वाटेवर पुढे हरिका आली, कारण तीही तक्त्याच्या त्याच पावभागात (चौथ्या हिश्श्यात) होती आणि आपले सामने जिंकत आली होती. उपांत्य फेरीत बेरीज 5: दोनसमोर तीन, म्हणजे तान झोंगयी, पलीकडे एकसमोर चार, लेई आणि कोनेरू हम्पी. अगदी तसंच झालं. दिव्या आणि हम्पी थेट अंतिम फेरीत भेटल्या, तेही याच तक्त्यामुळे. त्याबद्दल तुमची तक्रार दिसली नाही.

‘बड्यांची सोय’ हे मात्र अर्धं मान्य. खेळाडू 107, जागा 128, म्हणून 21 जणींना पहिल्या फेरीत पुढे चाल, म्हणजे न खेळताच दुसऱ्या फेरीत प्रवेश, द्यावीच लागते. ती वरच्या 21 जणींनाच द्यायची, हा आयोजकांचा निर्णय, गणिताचा नव्हे. (त्यात दिव्याही होती बरं का.)

नशिबाचा भाग बघायचा तर टेनिसकडे वळा. 2022 च्या फ्रेंच ओपनमध्ये पाचवा मानांकित नदाल अग्रमानांकित जोकोविचला उपांत्यपूर्व फेरीतच भेटला. तिथे पाच ते आठ मानांकितांचे पावभाग चिठ्ठीने ठरतात, त्यामुळे ही शक्यता चारात एक होती. संशयाला जागा असलीच तर तिथे; मला तिथेही काही काळंबेरं दिसत नाही.

तुमच्या शाळेच्या कबड्डी स्पर्धेचा तक्ता कसा लावायचा, याबद्दल: 11 संघ असतील तर 16 मधून 11 वजा करा. पाच संघांना पुढे चाल, उरलेल्या सहांचे तीन सामने, आणि दुसऱ्या फेरीत बरोबर आठ संघ. गेल्या वर्षीचे विजेते आणि उपविजेते तेवढे तक्त्याच्या दोन टोकांना ठेवा, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढा.