काकांची हिरवी टिक

रविवारी गिरगावात काकांकडे गेलो होतो. त्यांचा लॅपटॉप दहा-बारा वर्षांचा. "हे बघ, सगळं अपडेटेड आहे," म्हणत त्यांनी कंपनीचं अपडेटचं ॲप उघडून दाखवलं. मोठी हिरवी टिक, खाली 'तुमची सिस्टिम अद्ययावत आहे'. मी बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या चिपमधल्या प्रोग्रॅमची, तारीख पाहिली: २०१६. कंपनीने या मॉडेलकडे कधीच पाठ फिरवलीय. रेशन कार्ड रद्द झालेल्या माणसाला दुकानदाराने "तुमचा कोटा पूर्ण उचललाय" म्हणावं, तसलाच प्रकार!

'नवीन काही आलेलं नाही' आणि 'तुमच्यासाठी आता कोणी काही काढतच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे निदान आधीपासून जाहीर तरी होतं. फर्मवेअरचं, म्हणजे बायोससारख्या उपकरणातच बसवलेल्या सॉफ्टवेअरचं, मरण मात्र गुपचूप.

लिनक्सवरचं फर्मवेअर अपडेट करणारं साधन, एफडब्ल्यूअपडी (fwupd), बरंच प्रामाणिक आहे. ते उपकरणांचे दोन गठ्ठे दाखवतं: एकात ताजी आवृत्ती असलेली, दुसऱ्यात अपडेट उपलब्धच नसलेली. करण्यासारखं काही नसेल तर त्याची कमांड संपताना २ हा कोड देते. १, म्हणजे चूक झाली, असं सांगून बोंब मारत नाही. पण कंपनीने अपडेटची फाइल त्याच्या सर्व्हरवर कधी चढवलीच नाही की मॉडेलच सोडून दिलंय, हे त्यालाही कळत नाही. ते कंपनीनेच सांगायला हवं. आणि एकदा सांगितलं की ॲपने गप्प बसावं, रोज सर्व्हरकडे हेलपाटे कशाला?

फक्त 'जवळपास तेच मॉडेल' म्हणून भलती फाइल कधीच चढवू नये. हा शहाणपणा मी करून बसलोय. मदरबोर्ड मेला, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठला. तिथल्या पोऱ्याने बायोसच्या आठ पायांच्या चिपवर क्लिप लावली, चिप वाचणारं-लिहिणारं यंत्र (यूएसबी प्रोग्रॅमर) जोडलं आणि आधी चिपमध्ये जे होतं ते दोनदा वाचून घेतलं. दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्यावरच लिहायला घेतलं. वर जुनी फाइल माझ्या पेन ड्राइव्हवर टाकून दिली, "राहू दे, लागेल कधीतरी." इतकी काळजी मी कुठल्याच कंपनीच्या ॲपला घेताना पाहिलेली नाही.

काकांच्या लॅपटॉपवरून ते ॲप काढून टाकलं. काका थोडे खट्टू झाले. रोज सकाळी चहा घेताना ते ती टिक बघायचे म्हणे.