क्रोमियम नुसतं मिसळून भागत नाही

‘क्रोमियम ऑक्सिजनशी अभिक्रिया करत नाही, म्हणून ते मिसळलेलं पोलाद गंजत नाही’ हे स्टेनलेस स्टीलवरच्या एका लेखातलं वाक्य उलटं आहे. क्रोमियम ऑक्सिजनशी लोखंडापेक्षाही जोमाने संयोग पावतं. त्यातून पृष्ठभागावर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा क्रोमियम ऑक्साइडचा घट्ट थर बसतो आणि पुढची अभिक्रिया अडवतो. ओरखडा पडला तरी हवा मिळताच तो पुन्हा तयार होतो. त्यासाठी मिश्रधातूत किमान १०.५ टक्के क्रोमियम लागतं, तेही मोकळं, म्हणजे कार्बनशी न बांधलेलं. डी२ या अवजारांसाठीच्या पोलादात ते सुमारे १२ टक्के असतं, पण कार्बन दीड टक्का! बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये (कार्बनशी झालेल्या संयुगात) अडकतं आणि पोलाद गंजतं.

वेल्डिंगमध्येही हीच गोची. ३०४ या प्रकारचं स्टेनलेस ४५० ते ८५० अंश सेल्सिअसदरम्यान जास्त वेळ राहिलं, की धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवर क्रोमियम कार्बाइड जमतं, शेजारची पट्टी क्रोमियमला मुकते आणि जोडालगत गंज धरतो. म्हणून तिथे ०.०३ टक्क्यांपर्यंतच कार्बन असलेलं ३०४एल वापरावं. मिठाच्या पाण्यातला क्लोराइड मात्र चांगला थरही भेदून खड्डे पाडतो. त्याला मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेलं ३१६ स्टेनलेस बरं.