गोळी लागू पडली नाही म्हणजे सगळं संपलं?

दादर-परळच्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लगेच ताठरतेची गोळी सुरू करा, तीन महिन्यांत पूर्ववत. गोळी लागू पडली नाही तर पुरुषत्व संपलं. पंप आणि इंजेक्शन धोक्याचं, शॉकवेव्ह बिनधोक.’ खाली एका क्लिनिकचा नंबर. तिथेच पाणी मुरतंय.

पहिलं म्हणजे, ऑपरेशन कुठलं? लघवी अडते म्हणून दुर्बिणीने प्रोस्टेट आतून तासतात, त्यात ताठरता सहसा टिकते; वीर्य मात्र बऱ्याचदा मागे मूत्राशयात जातं. कॅन्सरसाठी अख्खी ग्रंथी काढतात, तेव्हाची गोष्ट वेगळी; पुढचं सगळं त्याच ऑपरेशनबद्दल. मेसेजने दोन्हींची खिचडी केली आहे.

‘तीन महिन्यांत पूर्ववत’? ताठरतेच्या नसा प्रोस्टेटला दोन्ही बाजूंनी चिकटून जातात. त्या वाचवून शस्त्रक्रिया करायची पद्धत पॅट्रिक वॉल्श यांनी 1982 मध्ये सुरू केली. पण वाचवलेल्या नसाही ताणल्या जाऊन बधिर पडतात. सावरायला दीड-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. वय, मधुमेह आणि आधीची ताठरता कशी होती, यावरही बरंच ठरतं.

आता गोळी. सिल्डेनाफिल असो की टाडालाफिल, ती स्वतःहून ताठरता आणत नाही. उत्तेजना आली की नसांमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि रक्तवाहिन्या सैल करणारं एक द्रव्य तयार होतं. गोळी फक्त ते लवकर विरू देत नाही. नसाच बधिर किंवा कापलेल्या असतील तर गोळी टिकवणार काय? म्हणून सुरुवातीला ती फसते, आणि वर्षभराने त्याच माणसाला लागू पडू शकते. रोज गोळी घेतल्याने नसा लवकर बऱ्या होतात, हेही सिद्ध नाही. 2014 च्या रिअ‍ॅक्ट चाचणीत नऊ महिने रोज टाडालाफिल दिलं. गोळी बंद केल्यावर विनाऔषध ताठरतेत फरक उरला नाही.

पंप आणि इंजेक्शनला मेसेजने उगाच बदनाम केलंय. दोन्ही नसांवर अवलंबून नाहीत, हीच त्यांची खुबी. पंप हवा ओढून लिंगात रक्त आणतो आणि मुळाशी रिंग चढवून ते अडवतात. त्याने लिंग थोडं गार, निळसर पडतं आणि रिंग अर्ध्या तासाच्या आत काढावी लागते. पण औषध घ्यावं लागत नाही. अल्प्रोस्टॅडिल या औषधाचं, लिंगातच घ्यायचं बारीक सुईचं इंजेक्शन गोळी फसलेल्या बऱ्याच जणांना चालतं. पहिला डोस डॉक्टरांसमोरच घ्यायचा, मात्रा तेच ठरवतात. ताठरता चार तासांवर राहिली तर लाजत घरी बसू नये, थेट कॅज्युअल्टी गाठावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दोन्हींआधी विचारायचं.

या सगळ्याने भागलं नाही तर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने लिंगात बसवायचं साधन. त्यानंतर परतीचा रस्ता नाही, जंतुसंसर्गाचा धोका असतो, पुढे बदलावाही लागू शकतो. तरी बसवून घेतलेल्यांत समाधान बरंच दिसतं. मेसेजमध्ये त्याचा उल्लेखच नाही.

शॉकवेव्हला, म्हणजे लिंगावर बाहेरून ध्वनिलहरींचे हलके झटके देण्याला, अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेने 2018 च्या मार्गदर्शिकेत प्रायोगिक म्हटलंय. शॉकवेव्हसाठी खिसा मोकळा करण्याआधी आपल्या सर्जनला विचारा: माझ्या नसा वाचल्या का, एका बाजूच्या की दोन्ही?

‘पुरुषत्व संपलं’ तर निव्वळ खोटं. टेस्टोस्टेरॉन वृषणांत बनतं, प्रोस्टेटमध्ये नाही. वीर्य नसलं तरी कामतृप्ती येऊ शकते, ताठरतेशिवायसुद्धा.

मेसेजमध्ये जे लिहायलाच हवं होतं ते गाळलंय: हृदयासाठी सॉर्बिट्रेट किंवा दुसरं नायट्रेट घेणाऱ्याने ताठरतेच्या या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत. रक्तदाब एकदम कोसळतो.